कार्बन डायऑक्साइडसाठी एमक्यू-१३५ घेऊ नका

रामबागकर:
भाचीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातली हवा कोंदली की दिवा लागेल असं यंत्र करायचंय. इंदूरला दुकानात सेन्सर मागितला की दीड-दोनशेचा एमक्यू-१३५च हातात ठेवतात. कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल तर तो घेऊ नका. आत टिन ऑक्साइडचा तापलेला थर असतो. अमोनिया, अल्कोहोल, धूर, कशानेही त्याचा विजेला होणारा रोध बदलतो आणि आकडा त्यावरूनच निघतो. आमच्याकडे आईने हिंगाची फोडणी घातली आणि आकडा चढला! एमएच-झेड१९सारखा एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा, सेन्सर घ्या. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश शोषतो आणि हा सेन्सर नेमकं तेच मोजतो.

सोल्डरवाला:
नाही पटलं, दादा. एमक्यूच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, कार्बन डायऑक्साइडचाही आलेख आहे. आणि दहापट महाग वस्तू शाळकरी मुलीच्या हाती? मुलं प्लस-मायनस उलटं जोडतात. एकदा जळला की पोर पुन्हा सर्किटला हात लावायची नाही. तिने घाबरत शिकू नये, एवढंच मला वाटतं.

रामबागकर:
जळण्याची भीती खरी आहे. मग एमक्यू लावा, पण पडद्यावर "हवा खराब" एवढंच दाखवा, पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) नको. सीसीएस८११ आणि एसजीपी३० या सेन्सरांचंही तेच: ते इतर वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतात. अंदाजाला मोजमाप म्हणायला मुलीला शिकवू नका.

मालव्यातली मावशी:
एमएच-झेड१९चीही एक खोड सांगायला हवी. तो दर २४ तासांतला सर्वांत कमी आकडा ४०० पीपीएम, म्हणजे उघड्यावरची हवा, असं धरून स्वतःला जुळवतो. लेकाच्या खोलीत तिघं मुलं, जानेवारीत खिडक्या बंद. काही दिवसांत गुदमरल्या खोलीतही आकडा छान दिसायला लागला. आम्ही ते आपोआप जुळवणं बंद केलं, सेन्सर गच्चीवर वीस मिनिटं चालू ठेवला आणि मग त्याची एचडी नावाची जुळवणीची पिन सात सेकंदांहून जास्त ग्राउंडला (मायनसला) धरली. तेव्हा ताळ्यावर आला.

सोल्डरवाला:
म्हणजे तोही चुकतोच की!

रामबागकर:
चुकतो, पण का चुकला ते मावशींना सापडलं आणि गच्चीवर नेऊन दुरुस्तही करता आलं. आकडा फोडणीने चढला का माणसं वाढल्याने, हे एमक्यूला कसं विचारणार?

सोल्डरवाला:
हे मान्य. तरी पहिला सेन्सर मी एमक्यूच देईन. आकडा हवाच असेल तर माझा एमएच-झेड१९ प्रदर्शनापुरता न्या. वीज ५ व्होल्टची, पण सिरियलच्या, म्हणजे आकडे पाठवणाऱ्या, तारा ३.३ व्होल्टच्या, तारा जोडण्याआधी हे तिला नीट समजावून सांगा.