पेडल स्टील: पेडल सोडल्यावर सहावी आणि चौथी तार जागेवर येत नाही

कोमल_निषाद

नमस्कार मंडळी. माझं दहा तारांचं ऑल-पुल पेडल स्टील आहे (आडवी ठेवून वाजवायची, पाय-गुडघ्यांनी तारांचे सूर बदलणारी गिटार; ऑल-पुल म्हणजे प्रत्येक बदल सळई ओढून होतो). ट्यूनिंग ई नाइन्थ, तीन पेडल (ए, बी, सी), चार नी लीव्हर (गुडघ्याने ढकलायचे). दोन तारांनी हैराण केलंय.

सहावी तार (जी शार्प) बी पेडलने ए वर नेऊन सोडली, की ट्यूनरवर सहा-सात सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेली दिसते. तीच तार लीव्हरने एफ शार्पपर्यंत उतरवून सोडली, की तेवढीच चढलेली. मग मोकळी तार लावायची तरी कशावर? चौथीचं (ई) दुखणं वेगळं आहे. लीव्हरने डी शार्पला नेऊन सोडली की ती थोडी उतरलेलीच राहते, आणि बोटाने जोरात छेडली तरी वर येत नाही.

तारा नव्या आहेत. पुल रॉडच्या (चेंजर ओढणाऱ्या सळईच्या) टोकाचे, सूर जुळवायचे नायलॉनचे नट फिरवले की एक जागा सुधारते आणि दुसरी बिघडते. संथ गाण्यात ए आणि बी पेडल सोडून मूळ कॉर्डवर परतताना हे इतकं टोचतं की बार (तारांवर धरायची धातूची कांडी) सरकवून सावरावं लागतं, आणि मग बाकीच्या तारा बेसूर होतात. चेंजर (तारांची टोकं ओढणारी-सोडणारी यंत्रणा) खोलून साफ करावा का?

पेचकस

चेंजर खोलू नका. नायलॉनच्या नटांनाही तूर्तास हात लावू नका. निम्मं निदान तुमच्या प्रश्नातच आहे, कारण तार कुठल्या बाजूला चुकते ते तुम्ही नीट पाहून लिहिलंय. कुठलंही स्टील दुरुस्तीला घेतलं की मी आधी हेच पाहतो, आणि तुमच्या दोन तारा दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत.

चढवून सोडल्यावर उतरलेली आणि उतरवून सोडल्यावर चढलेली, असं असेल तर दोष खुंट्यांच्या बाजूला, नटच्या रोलरपाशी (हा नट म्हणजे खुंट्यांकडचा तारांचा टेकू, नायलॉनचे नट वेगळे). चढवल्यावर चढलेलीच राहिली किंवा उतरवल्यावर उतरलेलीच राहिली, तर चेंजरमधला फिंगर (तार ओढणारा हलता तुकडा) पूर्ण परत येत नाही, म्हणजे दोष खालच्या यंत्रणेत. सहावी पहिल्या प्रकारची, चौथी दुसऱ्या.

सहावीचं आधी बघू. बी पेडल दाबलं की रोलर ते चेंजर या वाजत्या भागातला ताण वाढतो आणि खुंटीकडची थोडी तार रोलरवरून पुढे ओढली जाते. पेडल सोडल्यावर ती मागे जायला हवी. रोलर अडकत असेल तर ती सगळी जात नाही, वाजत्या भागात किंचित जास्त तार उरते आणि सूर उतरतो. उतरवताना बरोबर याच्या उलट: वाजत्या भागातली तार खुंटीकडे सरकते, परत येत नाही, आणि सूर चढतो. सहावीला हे सर्वांत जास्त जाणवतं, कारण साध्या (वेढा न गुंडाळलेल्या) तारांमध्ये तीच सगळ्यांत जाड (०.०२० इंच), आणि खुंट्या दोन्ही बाजूंना असलेल्या बहुतेक हेडवर तिची खुंटी लांब असते. रोलरमागे जितकी तार जास्त, तितकी सरकायला वाव जास्त.

खात्री करून घ्या. बी पेडल दाबून सोडा, ट्यूनरवर तार उतरलेली दिसेल. आता रोलर आणि खुंटी यांच्या मधल्या भागावर बोटाने हलकेच दाबून सोडा. सूर वर सरकला आणि तिथेच राहिला, तर गुन्हेगार रोलरच.

मग तार सैल करून रोलरवरून बाजूला घ्या आणि रोलर बोटाने फिरवून पाहा. तो मोकळा फिरायला हवा आणि शेजारच्या रोलरला ओढत नेता कामा नये. फिरत नसेल तर दांड्यासकट सगळे रोलर काढा, पण ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवा. अनेक गिटारांत प्रत्येकाची खाच त्या त्या तारेच्या जाडीप्रमाणे कापलेली असते. एकाची जागा बदलली तर तार खाचेत चिमटली जाते किंवा सैल राहून खरखरते. लायटरच्या पेट्रोलने काळा मळ पुसा, दांड्यावर शिलाई मशीनच्या पातळ तेलाचं एक बोट फिरवा, एवढं पुरे. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. तो मळ सोडवतो, पण वंगण म्हणून टिकत नाही. तार परत चढवताना खुंटीवरचे वेढे एकावर एक येऊ देऊ नका. वेढ्यावर वेढा बसला की पेडलगणिक तो आवळतो आणि सुटतो, आणि रोलर कितीही साफ असला तरी हीच लक्षणं दिसतात.

एवढं करूनही सहावी एक-दोन सेंट मागेपुढे होईल. जाड साध्या तारेचा तो स्वभाव आहे. मी बी पेडल एकदा दाबून, सोडून मगच ती मोकळी लावतो, कारण वाजवताना बहुतेक वेळा ती तिथूनच परतत असते.

आता चौथी. उतरवताना फिंगर स्टॉपपासून (मोकळा असताना तो टेकतो त्या जागेपासून) सुटतो आणि त्याला परत आणायचं काम एकट्या रिटर्न स्प्रिंगचं असतं. तारेचा ताण तर तिच्या विरुद्धच ओढत असतो. गिटार उलटी करा. लीव्हर मोकळा असताना चौथीच्या उतरवणाऱ्या पुल रॉडला बोटाने हलवून पाहा, किंचित ढिला लागायला हवा. ताठ असेल तर तो फिंगरला स्टॉपवर टेकूच देत नाही. मग त्याचा नायलॉन नट ढील मिळेपर्यंत सोडा, मोकळी तार खुंटीने लावा, आणि डी शार्प कमी पडला तर तो लीव्हरचा स्टॉप सरकवून भरून काढा. नटाने ओढून नव्हे.

रॉड ढिला असूनही तक्रार राहिली तर स्प्रिंग तपासा. त्यासाठी सी पेडल उत्तम, कारण ते चौथीला ई वरून थेट एफ शार्पला नेतं. ते दाबताना शेवटच्या पट्टीकडून चौथीच्या उतरवणाऱ्या फिंगरकडे पाहत राहा. तो जागचा हलला तर स्प्रिंग ढिली पडलीय. ती एक भोक पुढे ताणा किंवा बदला. मात्र हवी तेवढीच ताणा, नाहीतर लीव्हर इतका जड होतो की गुडघा दुखतो.

मंद्र_सप्तक

पेचकस यांनी लिहिलेलं पटतं, दोन गोष्टींची भर घालतो. गिटारच्या पायांची उंची बदलली असेल तर पेडलचे उभे रॉड आधी बघा. ते आखूड पडले तर पेडल मोकळं असतानाही थोडं दाबलेलंच राहतं आणि ए-बी च्या तारा कधीच पूर्ण परतत नाहीत. तेव्हा चेंजरकडे कितीही पाहिलं तरी काही सापडत नाही.

दुसरं, सहावीला वेढ्याची ०.०२२ लावून बघा. ती परतते छान. पण तिचा गाभा बारीक असल्यामुळे तेवढाच सूर बदलायला प्रवास जास्त लागतो. बी पेडल आणि तो लीव्हर दोन्ही नव्याने जुळवावे लागतील, आणि काही गिटारांत एफ शार्पपर्यंत पोचायला जागाच उरत नाही. मला तो त्रास मान्य आहे, साध्या तारेचा आवाज ज्यांना हवा त्यांना नसेल.

हे सगळं ऑल-पुल साठी. जुनं एमन्स पुश-पुल कुणाकडे असेल तर त्यांनी यातलं रॉडचं काही करू नये, तिथली जुळवणी वेगळ्या तत्त्वावर चालते.

कोमल_निषाद

दोघांचेही मनापासून आभार. रोलरमागे दाबल्यावर सूर वर जाऊन तिथेच थांबला. सहावीचा रोलर पाचवीच्या रोलरला चिकटून फिरत होता, मध्ये वाळलेलं तेल होतं. साफ केल्यावर फरक जेमतेम एक सेंट राहिलाय. चौथीचा रॉड ताठ होता. ढील दिल्यावर ती दर वेळी ई वर येते, सी पेडल दाबल्यावर फिंगर हलत नाही, म्हणजे स्प्रिंग ठीक आहे.

आता एक नवीन दिसलं: ए आणि बी एकत्र दाबून चौथी छेडली की ती दोन-तीन सेंट उतरते. पेडल सोडली की बरोबर ई. हाही रोलरच का?

पेचकस

नाही. ए-बी चौथीला हातही लावत नाहीत. त्यांनी पाचवी, दहावी, तिसरी आणि सहावी एकदम ओढल्या की गिटारचा सांगाडाच किंचित वाकतो आणि बाकीच्या तारा सैलावतात. पेडल सोडल्यावर ती अचूक परततेय, म्हणजे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दोन-तीन सेंट हे चांगल्या गिटारचं लक्षण. मोकळी चौथी सेंटभर चढी लावा, म्हणजे चूक दोन्ही ठिकाणी विभागली जाईल. आणि चेंजरला आता हात लावू नका.