१०० मीटर फ्रीस्टाइल: दुसऱ्या ५० मध्ये सगळं विस्कटतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४१. लहानपणी बाबांनी पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकवलं. फ्रीस्टाइल मात्र रीतसर शिकले ती चार वर्षांपूर्वी, इथल्या ५० मीटरच्या टँकवर. दोन महिन्यांनी मास्टर्स (म्हणजे प्रौढांची) स्पर्धा आहे आणि १०० मीटर मला १:२५ च्या आत पोहायचंच आहे. गेले सात महिने १:२८ वर अडकले आहे.

पहिले ५० होतात ३९ सेकंदांत, दुसरे ४९. बहिणीच्या मुलाने काठावर उभं राहून हात मोजले: जाताना ५०, येताना ६३. हिशेब केला तर दोन्ही वेळा मिनिटाला ७७ हात पडतात. म्हणजे हात मंदावत नाहीत, पाणीच हाताला लागत नाही.

टँकवर सगळे सांगतात, आधी दम राखून पोह. तसंही पोहून पाहिलं. ४१.५ आणि ४७. एकूण वेळ उलट अर्ध्या सेकंदाने वाढली!

२०२२ मध्ये रोमला रोमानियाच्या डेव्हिड पोपोविचने याच १०० मीटरमध्ये ४६.८६ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे दोन भाग होते २२.७४ आणि २४.१२. २०२४ ला पॅरिसमध्ये चीनच्या पान झानलेने ४६.४० केले, २२.२८ आणि २४.१२. दुसरा भाग तंतोतंत तेवढाच, सुरुवात मात्र जवळजवळ अर्ध्या सेकंदाने वेगवान. पहिल्या भागात सूर मारल्याचा फायदा असतो, तो धरूनही त्यांचा फरक दोन सेकंदांच्या आत. माझा दहा. हा नुसता दमाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही.

फोनवरचा व्हिडिओ सावकाश करून पाहिला. साधारण ६५ मीटरला उजवीकडे श्वास घ्यायला मान वळते आणि त्याच क्षणी पुढे ताणलेला डावा हात सरळच्या सरळ खाली दाबला जातो. डोकं वर, कंबर खाली, पाय कात्रीसारखे फाकतात. विहिरीत डोकं वर काढून पोहायची सवय अजून अंगात असावी.

या दोन महिन्यांत वेग वाटून घेण्यावर मेहनत करू की या डाव्या हातावर? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, डाव्या हातावर. मी मुलांना शिकवतो, हे रोज बघतो. श्वास घेताना तो हात आधारासाठी दाबला जातो, कारण हवा कमी पडलेली असते. आणि हवा कमी पडते कारण पहिल्या ५० मध्ये तुम्ही पाण्यात श्वास पूर्ण सोडत नसणार. तोंड बाहेर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचा, दोन्ही करायला वेळच मिळत नाही. तोंड पाण्यात असेतो बुडबुडे चालू ठेवा. मान वळवाल तेव्हा एक गॉगल पाण्यातच राहू द्या.

आठवड्यातून दोनदा ५० मीटरचे आठ फेरे, प्रत्येक ४६ सेकंदांत, मध्ये दीड मिनिट विश्रांती. हात ५६ च्या वर गेले की तिथेच थांबा, घड्याळ काही म्हणो. थकून वाईट हात मारत राहिलात तर तीच सवय पक्की होते. सुरुवातीला २५ मीटर मूठ मिटून पोहा, कोपर वर ठेवून मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने पाणी धरायचं कसं ते आपोआप कळतं. पहिल्या ५० चा वेग तूर्त आहे तसाच राहू द्या.

धागाकर्ती

मनापासून आभार! बुडबुड्यांचं अगदी बरोबर ओळखलंत, सूर मारल्यापासून मी श्वास कोंडूनच ठेवते. आज सकाळी मूठ मिटून चार फेरे केले, पाणी नुसतं निसटत होतं. मूठ उघडल्यावर हात केवढा मोठा वाटला! आठांपैकी पाचव्या फेऱ्यालाच हात ५८ झाले, थांबले. आता एकच विचारते: डावीकडूनही श्वास घ्यायला शिकू का? तिकडे मान वळवली की अजून नाकातोंडात पाणी जातं.