फ्रान्समधल्या शेतांत कबुतरांचे मनोरे कशासाठी?

प्रभादेवीकर: भाची तुलूजला शिकते. तिने जवळच्या तार्न भागातल्या एका शेताचे फोटो पाठवलेत. चार दगडी खांब, त्यांवर खोली, वर कौलं. गावकरी म्हणाले, कबुतरांचं जुनं घर. मी रोज दादरच्या कबुतरखान्यावरून जाते, म्हणून कुतूहल वाटलं. शेतकऱ्याने कबुतरांसाठी एवढा खर्च का केला असेल? पुण्यकर्म म्हणून?

जुना गिरगावकर: खतासाठी आणि मांसासाठी. वास्तुकला शिकवताना हा विषय मी दरवर्षी घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कबुतरांची विष्ठा शेणखतापेक्षा कितीतरी कडक. द्राक्षमळ्यांना आणि भाजीच्या वाफ्यांना ती जपून घालत. पिल्लं महिन्याभराची झाली, की उडायच्या आत काढून खात.

आपल्याकडे कबुतरांना दाणे टाकतात. तिथे बहुतेक काळ कबुतरं स्वतःच चरायला जात, आणि चरत कुठे? दुसऱ्याच्या शेतात. सगळी गोम इथेच आहे. नॉर्मंडीसारख्या भागात तळापासून माथ्यापर्यंत घरट्यांचे कोनाडे असलेला स्वतंत्र मनोरा बांधायचा हक्क फक्त सरदार-जमीनदारांना होता. त्यांची कबुतरं कुळांनी पेरलेलं बी टिपत आणि कुळांना मुकाट बघावं लागे. १७८९ मध्ये, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, गावोगावच्या गाऱ्हाण्यांच्या वह्या राजाकडे गेल्या, त्यांत कबुतरांचं गाऱ्हाणं पुन्हापुन्हा येतं. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने ठराव करून सरंजामी हक्क मोडले. त्या ठरावांतलं पहिलं कलम सरंजामशाहीचं आणि दुसरं लगेच कबुतरखान्यांचं! मक्तेदारी संपली. गाव ठरवेल त्या काळात कबुतरं कोंडून ठेवायची. त्या काळात आपल्या जमिनीवर उतरलेलं कबुतर कोणीही मारावं. क्रांतीत बास्तीलचा तुरुंग फोडल्याच्या गोष्टी सगळे सांगतात, पण पेरलेलं बी वाचवायला धडपडणाऱ्या माणसाला हे कलम केवढं वाटलं असेल!

तुमच्या भाचीच्या भागात, म्हणजे दक्षिणेत, नियम पूर्वीपासूनच सैल होते. साध्या जमीनमालकांनीही बांधले, म्हणून तिकडे ते इतके दिसतात.

मुग्धा_ठाणे: पण खांबांवर का? जमिनीवर बांधणं सोपं ना?

जुना गिरगावकर: उंदीर-घुशींमुळे. फोटो मोठा करून बघा, खांबांच्या माथ्यावर खांबापेक्षा रुंद, चपटे दगड दिसतील. खालून चढलेला उंदीर तिथे अडकतो. गोल मनोऱ्यांना याच कामासाठी बाहेर आलेली दगडी पट्टी असते. काही मनोऱ्यांच्या आतली सोय तर फारच सुंदर! मधोमध फिरता खांब आणि त्याला जोडलेली शिडी. ती ढकलत गोल फिरलं, की एकदाही खाली न उतरता भिंतीतला कोनाडा न् कोनाडा तपासता येतो.

प्रभादेवीकर: छान समजलं, आभार! भाचीला आत डोकावायला सांगते. आता वापरात का नाहीत?

जुना गिरगावकर: १९व्या शतकात पेरूहून समुद्रपक्ष्यांचं खत जहाजांनी येऊ लागलं, मग रासायनिक खतं आली. विष्ठेची किंमतच गेली. काही मनोरे पडले, काहींच्या राहत्या खोल्या झाल्या. भाची आत गेली तर कोनाड्यांचे फोटो इथे नक्की टाका.