शवावर रचलेल्या टेकाडाला मराठीत काय म्हणावे?

पृच्छा

सायबेरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथे सापडलेल्या, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या सरदारांच्या दफनांविषयी एक लेख मी मराठीत आणत आहे. तेथील लोक खोल खड्ड्यात ओंडक्यांची खोली बांधून तीत शव ठेवीत, खोलीच्या बाहेर घोडे मारून पुरीत आणि वर दगडमातीचे मोठे टेकाड रचीत. आत झिरपलेले पाणी गोठून राहिल्यामुळे नमदे, गालिचा, लाकडी खोगिरे, इतकेच काय पण मृतांच्या कातडीवरचे गोंदणही टिकले. या रचनेला रशियनमध्ये कुर्गान म्हणतात. कोशांत मला थडगे, कबर, समाधी असे पर्याय मिळतात. परंतु थडगे म्हटले की डोळ्यांसमोर हातभर उंचीचा चौथरा येतो, टेकडी येत नाही, आणि समाधी म्हटले तर घोड्यांसह पुरलेल्या सरदाराला योगी केल्यासारखे होते. जाणकारांनी योग्य शब्द सुचवावा.

प्रतिसाद

आपली अडचण खरी आहे, मात्र तिचे कारण मराठीतील शब्दांची टंचाई हे नाही. या क्षेत्रातले आपले शब्द आकारावरून ठरत नाहीत. खाली काय आहे आणि ते कोणाचे आहे यांवरून ठरतात. कबर आणि थडगे या दोन्ही शब्दांत खाली देह पुरलेला आहे असे गृहीत असते. कबर हा शब्द मुसलमानांच्या संदर्भाला चिकटलेला आहे, थडगे त्या मानाने मोकळे असले तरी त्याला आदराची छटा नाही, म्हणून ज्याच्याविषयी पूज्यभाव आहे त्याच्या बाबतीत आपण तो शब्द टाळतो. समाधी हा शब्द मुळात योग्याच्या अवस्थेचा. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली असे आपण म्हणतो तेव्हा क्रिया आणि स्थळ ही दोन्ही त्याच शब्दात येतात. पुढे त्याचा अर्थ इतका सैल झाला की देह खाली असण्याची अटही उरली नाही. शिवाजी महाराजांचे 1680 मध्ये रायगडावर दहन झाले आणि त्या जागेवरील वास्तूला आपण समाधीच म्हणतो. महादजी शिंदे यांचे दहन 1794 मध्ये पुण्याजवळ वानवडीला झाले, तेथील वास्तूला मात्र छत्री म्हणतात. कन्नडमधील ‘वीरगल्लु’पासून आलेला वीरगळ तर निव्वळ उभा कोरीव दगड असतो आणि त्याच्याखाली काही असलेच पाहिजे असे कोणी मानत नाही.

आकार सांगणारे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते मृत्यूविषयी काहीच बोलत नाहीत: टेकाड, उंचवटा, टेंगूळ. त्यातही एक सावधगिरी हवी. उत्खननाच्या संदर्भात मराठी माणूस ‘टेकाड’ ऐकतो तेव्हा त्याला पांढरीचे टेकाड आठवते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरे पडत आणि नवी उठत गेल्याने साचलेला वस्तीचा थर. गावाची जमीन ती पांढरी आणि शेताची ती काळी हा भेद आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. त्यामुळे कुर्गानला नुसते टेकाड म्हटले, तर वाचक तेथे घरे शोधू लागेल.

या अर्थाचा नेमका शब्द आपल्याकडे एकेकाळी होता, आणि तो आजही रोजच्या वापरात आहे, हे सांगितले तर आपल्याला कदाचित पटणार नाही. तो शब्द आहे श्मशान.

आणखी एक प्रतिसाद

श्मशान म्हणजे प्रेते जाळण्याची जागा, असे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मराठीत त्याचेच मसण झाले आणि मसणवटा, मसणजोगी हे शब्द त्यावरून आले. या सर्वांत कोठेही बांधकाम नाही. मूळ अर्थ टेकाड असा होता याला आधार काय?

प्रतिसाद

आधार शतपथ ब्राह्मण या वैदिक यज्ञविधींच्या ग्रंथाच्या तेराव्या कांडात आहे, आणि तो इतका तपशीलवार आहे की शंकेला फारशी जागा राहत नाही. त्या प्रकरणात श्मशान ‘करावे’ असे म्हटले आहे, श्मशानात ‘जावे’ असे नव्हे. ते मृत्यूनंतर लगेच करू नये. इतक्या उशिरा करावे की मृत्यूला किती वर्षे झाली हेही लोकांच्या स्मरणात राहू नये. म्हणजे दहनाशी त्याचा थेट संबंध नाही. दहन कधीच होऊन गेलेले असते आणि जपून ठेवलेल्या अस्थींवर ही रचना उभी राहते. उंची किती असावी याचीही चर्चा आहे. क्षत्रियासाठी हात वर केलेल्या पुरुषाइतकी, ब्राह्मणासाठी मुखापर्यंत, स्त्रीसाठी कटिप्रदेशापर्यंत, वैश्यासाठी मांडीपर्यंत आणि शूद्रासाठी गुडघ्यापर्यंत, असा वर्णक्रम दिल्यावर ग्रंथ लगेच म्हणतो की गुडघ्याच्या खालीच ठेवलेली बरी. मोजमाप वर्णावरून ठरवायचे आणि शेवटी सर्वांनाच बुटके ठेवायचे, ही त्या ग्रंथकाराची काटकसर मला फार मानवी वाटते. ज्याला उंची आहे, जे रचले जाते आणि ज्याभोवती परिश्रित नावाचे दगड बसवले जातात, ते मोकळे मैदान असू शकत नाही.

याच प्रकरणात आपल्या प्रश्नाशी जुळणारा एक उल्लेख आहे. देवांचे अनुयायी चौकोनी श्मशाने करतात. आसुरी प्रजा, पूर्वेकडचे लोक आणि इतर काही जण ‘परिमण्डलानि’, म्हणजे वाटोळी करतात. शेजारच्या लोकांची टेकाडे गोल असतात याची ग्रंथकाराला पक्की माहिती होती आणि ती त्याला आवडत नव्हती. कुर्गान त्याने पाहिले असते तर त्याला श्मशान हाच शब्द लावला असता, फक्त नाक मुरडून.

व्युत्पत्तीबाबत मात्र प्राचीनांचे एकमत नव्हते. निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तिग्रंथात त्याचा कर्ता यास्क ‘श्मशयन’ असा विग्रह करून ‘श्म’ म्हणजे शरीर असे सांगतो, तर शतपथ त्याचा संबंध शवान्नाशी, म्हणजे मृतासाठी केलेल्या अन्नाशी लावते. दोन्ही व्युत्पत्ती अर्थावरून बेतलेल्या दिसतात, त्यामुळे त्यांच्यावर भार टाकू नये. वापराचा पुरावा पुरेसा आहे. पुढे अशा रचना करण्याची चाल मागे पडली, त्या जेथे उभ्या राहत त्या गावाबाहेरच्या जागेवर दहने होत राहिली आणि शब्द वास्तूवरून जागेवर सरकला. म्हणून आज आपल्या लेखात तो वापरता येणार नाही. वाचक चिताच डोळ्यांपुढे आणील.

आणखी एक प्रतिसाद

मग ‘स्तूप’ का नको? तोही रचलेला ढीगच आहे, आणि पालीत त्याला थूप म्हणतात.

प्रतिसाद

स्तूपाचा विचार करावाच लागतो, कारण बुद्धाच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात चक्रवर्ती राजाचा थूप चार रस्ते मिळतात तेथे उभारतात असे सांगून बुद्धाचाही तसाच उभारावा असे म्हटले आहे. म्हणजे थोर राजांच्या अस्थींवर ढीग रचण्याची रीत बौद्ध धर्माच्या आधीची, आणि धर्माने ती आपलीशी केली. पण या शब्दातही खालच्या वस्तूचा प्रश्न सुटलेला नाही. बौद्ध परंपरेने शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक असे तीन प्रकार केले: शरीराचे अवशेष असलेला, वापरातील वस्तू असलेला आणि केवळ स्मरणार्थ असलेला. मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप पाहा. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरेपर्यंत गावकरी त्या ढिगाला बुरूड राजाचा कोट म्हणत असत. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक बसवलेले करंडे, भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि सर्वांत आत मातीच्या पात्राचे तुकडे होते, जे बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले असावेत. तेथे देह नव्हता. तुर्की भाषांत कुर्गानचा एक अर्थ किल्ला असाही होतो, हे येथे जाता जाता नोंदवतो. ओसाड ढीग पाहून गडकोटाची आठवण येणे केवळ सोपाऱ्याच्या लोकांपुरते नाही.

शब्द चुकला तर किती फरक पडतो याचे उदाहरण बिहारमधील लौरिया नंदनगढचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ ब्लॉख यांनी तेथील मातीचे ढीग खणले, त्यांत जळालेली हाडे आणि स्त्रीची आकृती असलेला सोन्याचा पातळ पत्रा मिळाला, आणि त्यांनी ही वैदिक श्मशाने आहेत असे ठरवले. नंतरच्या उत्खननांनी ते बौद्ध स्तूप असल्याचे मत पुढे आणले. ढीग तेच राहिले, काळ आणि धर्म मात्र शब्दाबरोबर बदलले. आपला लेख पाझिरिकचा असल्याने ‘स्तूप’ लिहिताच वाचक तेथे बौद्ध धर्म नेऊन ठेवील, म्हणून तो टाळावा.

‘एडूक’ हा एक मजेदार शब्द याच कुटुंबातला आहे. महाभारताच्या वनपर्वात कलियुगाचे वर्णन करताना लोक देवांना सोडून एडूकांची पूजा करतील आणि पृथ्वी देवळांऐवजी एडूकांनी खुणावलेली असेल, असे भाकीत आहे. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश त्याचा अर्थ ‘जिच्या आत हाडे ठेवली आहेत अशी भिंत’ असा देतो. एका शब्दात एवढी अढी क्वचितच भरलेली असते. परंतु तो आज कोणालाच कळणार नाही.

आणखी एक प्रतिसाद

विदर्भातील शिलावर्तुळांना काय म्हणतात हे पाहणे उपयोगी ठरेल असे वाटते. तेथे पुरातत्त्वाच्या मराठी लेखनात शब्द रुळलेले आहेत.

प्रतिसाद

सूचना योग्य आहे, आणि विदर्भाने एक चांगला धडा घालून दिला आहे: शब्द बाहेरून दिसणाऱ्या वस्तूवरून घ्यावा, आतल्या अनुमानावरून नव्हे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. 1867 मध्ये रिव्हेट-कार्नॅक यांनी त्यांतील काही उघडली. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथे पुरातत्त्वज्ञ शं. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनने केली. मोठ्या धोंड्यांचे कडे, आत मुरूम-दगडांची भर, तीत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याची आभूषणे, आणि माहुरझरीला घोड्यांचे अवशेष व त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे साज असा ऐवज निघाला. मानवी हाडे मात्र अनेक वर्तुळांत तुटपुंजी आणि विस्कळीत होती. त्यांना सरसकट थडगी म्हटले असते तर ते निम्मे खोटे ठरले असते. ‘शिलावर्तुळ’ म्हटल्याने वस्तू सांगितली जाते आणि निष्कर्ष मोकळा राहतो. अशी वर्तुळे रचणाऱ्या संस्कृतीच्या नावात मात्र महाश्म, बृहदश्म आणि महापाषाण अशी तीन रूपे चालू आहेत. एका लेखात एकच वापरावे, एवढेच म्हणेन. माझा कल महापाषाणाकडे आहे, कारण अश्म म्हणजे दगड हे आता सांगावे लागते.

वास्तविक अश्म हा शब्द आपल्या घरोघरच्या अंत्यविधीत टिकून आहे. मडके फोडण्यासाठी वापरलेला आणि दहाव्यापर्यंत जपून ठेवायचा जो खडा, त्याला जीवखडा किंवा अश्मा म्हणतात. तेवढे दिवस मृताचे वास्तव्य त्यात मानले जाते. गडचिरोलीतील माडिया गोंड मृतासाठी शिळा उभी करतात, तीही अद्याप चालू असलेली रीत आहे. महापाषाण संस्कृतीशी यांचा अखंड धागा जोडण्याचा मोह होतो, पण त्याला पुरावा लागतो, केवळ साम्य पुरत नाही.

इनामगावचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे, कारण तेथे वर काहीच दिसत नाही. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि ते घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून निजवीत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. एक प्रौढ पुरुष मात्र चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात बसवलेला आणि पावलांसह सापडला. यांना थडगी म्हणता येत नाही, कारण थडगे म्हणजे वरची खूण. येथे ‘दफन’ किंवा ‘कुंभदफन’ हेच शब्द योग्य आहेत.

पृच्छा

‘दफन’ अरबी आहे म्हणून एका मित्राने त्यावर आक्षेप घेतला. वैदिक संस्कृतीविषयी लिहिताना तरी तो टाळावा काय?

प्रतिसाद

टाळण्याचे कारण दिसत नाही. मराठीत तो पूर्ण रुळला आहे आणि शास्त्रीय लेखनात त्याच्याइतका निर्विकार दुसरा शब्द नाही. ‘पुरणे’ हे क्रियापद उत्तम आहे, परंतु धन, मांजर आणि माणूस ही सारी आपण पुरतो, त्यामुळे विधीचा बोध त्यातून होत नाही. संस्कृतच हवे असेल तर ‘निखात’ आहे. अथर्ववेदाच्या अठराव्या कांडात पितरांना बोलावताना निखात, परोप्त, दग्ध आणि उद्धित असे चार वर्ग एकत्र येतात: पुरलेले, टाकून दिलेले, जाळलेले आणि उंचावर ठेवलेले. एका समाजात चार रीती शेजारी नांदत होत्या आणि कोणालाही आमंत्रणातून वगळले नव्हते. ऋग्वेदातील ‘उप सर्प मातरं भूमिमेताम्’ ही ऋचा दफनाची वाटते, पण आश्वलायन गृह्यसूत्रात ती दहनानंतर अस्थींचा कुंभ खड्ड्यात ठेवताना म्हणायची आहे. त्यामुळे ऋचेवरून केवळ दफन सिद्ध करू नये.

आपली बोली याबाबत अधिक स्पष्ट आहे. दहन असले तरी आपण ‘मातीला जाऊन आलो’ असे म्हणतो, अस्थी गोळा करण्याला सावडणे म्हणतो आणि नको असलेल्या रूढीला मूठमाती देतो. ही माती ज्या काळी खरोखर मुठीने पडत असे त्याच्या खुणा भाषेत राहिल्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पाझिरिकसाठी पहिल्या उल्लेखात ‘कुर्गान, म्हणजे दफनावर रचलेले दगडमातीचे टेकाड’ असे लिहावे आणि नंतर कुर्गान हाच शब्द ठेवावा. अनेकवचनात ‘कुर्गाने’ करू नये, ‘अनेक कुर्गान’ चालेल. जेथे सर्वसामान्य संज्ञा हवी तेथे ‘दफनटेकाड’ हा समास वापरावा. तो नवा असला तरी त्याची घडण मराठीच्या वळणाची आहे, आणि खाली दफन व वर टेकाड या दोन्ही गोष्टी तो सांगतो. आतील ओंडक्यांच्या खोलीला शवकक्ष म्हणावे. टेकाड केवळ दगडांचे असेल तर ‘दगडांची रास’ पुरेशी आहे. आणि एखादे टेकाड उकरल्यावर आत काहीच सापडले नाही असा उल्लेख लेखात आला, तर तेथे ‘दफन’ हा भाग गाळून फक्त ‘रचलेले टेकाड’ ठेवावे.