रेवाला मधलं नाव कोणतं शोभेल? (पहिलं नाव ठरलंय, ते बदलायचं नाही)

रेवाची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मुलगी पाच आठवड्यांची झाली, बारशाला आत्याने कानात रेवा सांगितलं. जन्माची नोंद झालीय पण नावाचा रकाना रिकामा आहे आणि मधल्या नावावरून घरात रोज चर्चा. ह्यांचं नाव जयवंत, पण शाळेपासून सगळीकडे जयवंतभाई लागलंय आणि रेवा जयवंतभाई काही तोंडात बसत नाही. माझं मृदुला. सासूबाईंचं कुसुम, आणि बाळाचं मालिश, आंघोळ, रात्रीचं जागरण सगळं त्याच करतायत म्हणून मला मनापासून त्यांचं लावावंसं वाटतंय. एकच शब्द हवा, आडनाव आधीच लांबलचक आहे.

मांडवीवाली
अभिनंदन! पण रेवा हल्ली खूप झालंय हो, आमच्या सोसायटीतच दोन आहेत. शर्वरी बघा ना. आमच्या नातीचं शर्वरी आहे, जो तो विचारतो कुणी सुचवलं, मीच सुचवलं होतं.

वाडीचे_काका
वडिलांचंच लावा, फक्त भाई काढून. माझ्या पुतण्याच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नुसतं, शाळेत दाखल करताना कुणीतरी भाई जोडलं, मग मार्कशीटला भाई, पॅनकार्डला नाही. पासपोर्टच्या वेळी विचारतात की ही दोन वेगळी माणसं का. अॅफिडेविट झालं, गॅझेट झालं, सहा महिने गेले आणि पोराची बाहेरची अॅडमिशन एक टर्म पुढे गेली. दोन अक्षरांपायी!

पुण्याची_सई
आता आईचं नाव कंपल्सरी आहे ना? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांना आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे रेवा मृदुला जयवंत. प्रश्न मिटला.

रावपुरा_७२
ताई, तो महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. बडोदं गुजरातेत आहे, इथे तो लागू नाही.

पुण्याची_सई
लागू नसला तरी पद्धत चांगलीच आहे की. नऊ महिने आईने वाढवायचं आणि नाव एकट्या बापाचं, हे किती वर्षं चालायचं?

वाडीचे_काका
शाळेचा फॉर्म भरताना कळेल. सगळे वडिलांचंच विचारतात.

नातवंडांचे_आबा
मी सध्या लेकीकडे टोरांटोला आहे, तिने इथे स्वतःचं घर घेतलंय. पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळा रकाना नसतो, दोनच रकाने, आडनाव आणि दिलेलं नाव. त्यामुळे विमानाच्या बोर्डिंग पासवर दोन्ही चिकटून येतं, रेवाकुसुम असं. अडत काही नाही, पण पोरीला प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावं लागतं. छोटं नाव ठेवा.

गाण्याची_बाई
मी तीस वर्षं मुलांना गाणं शिकवलं, हजेरी घेताना नावं कानात बसतात. रेवा आकारान्त आहे, त्यामुळे पुढे अ किंवा आ ने सुरू होणारं नको, रेवा आशा म्हटलं की रेवाशा होतं. मृदुला घेतलं तर दोन्हींच्या शेवटी आ येतो, लांबून हाक मारली की सपाट वाटतं. कुसुम छान, म वर मिटतं. गॅलरीत उभं राहून पूर्ण नावाने हाक मारून बघा, लगेच कळतं.

मांडवीवाली
मी पण तेच म्हणणार होते, बोलून बघा. शर्वरी बोलायला फार गोड लागतं.

जुनं_बडोदं
आजीचं नाव लावायचा विचार फार आवडला. आपल्याकडे बायकांची नावं किती सहज पुसली गेली बघा. १८९६ चा रावपुऱ्याचा टॉवर ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या चिमणाबाई माहेरच्या लक्ष्मीबाई. त्या गेल्यावर सयाजीरावांचं दुसरं लग्न झालं, त्या देवासच्या गजराबाई, त्यांनाही चिमणाबाईच केलं. एकीचं नाव दुसरीला.

रावपुरा_७२
नाव महाराजांचंही बदललंच की, गोपाळरावांचे सयाजीराव झाले १८७५ ला.

जुनं_बडोदं
ते दत्तक गेले म्हणून. लग्न झालं म्हणून पुरुषाचं नाव बदललेलं मी तरी ऐकलं नाही.

वॉर्डातून_रिटायर
जन्ममृत्यू नोंदणीतच नोकरी केली म्हणून लिहिते. घाई करू नका, जन्माची नोंद झालेली असली की एक वर्षापर्यंत नाव घालायला लेट फी लागत नाही, पुढे फी भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. आईवडिलांच्या नावांना दाखल्यावर स्वतंत्र रकाने असतातच, तेव्हा मुलीच्या नावात तेच परत हवं असं नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला सगळीकडे चालतो, शाळा, पासपोर्ट, लायसन. म्हणून छापण्याआधी गुजराती आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतः वाचा. लिहिणारा सवयीने भाई, बेन, कुमार लावतो, त्याच्या ते लक्षातही येत नाही.

रेवाची_आई
सगळ्यांचे आभार. काल सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. चिमणाबाईंचं ऐकल्यावर त्या उठल्या आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला चौथीचा दाखला घेऊन आल्या, घड्यांवर फाटलेला, कडा तपकिरी झालेल्या. त्यावर नाव शरयू. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने कुसुम लिहिलं, तेव्हापासून ग्वाल्हेरची माहेरची माणसं सोडली तर शरयू म्हणून कुणीच हाक मारली नाही. आमच्या ह्यांनाही माहीत नव्हतं! तर ठरलं, रेवा शरयू. दोन्ही नद्याच आहेत. गॅलरीतून हाक मारून पाहिली, छान वाटतं. सासूबाईंनी आधी नको नको म्हटलं, मग दाखला परत पिशवीत न ठेवता देवाजवळ ठेवला.

वाडीचे_काका
कुणाचंच ऐकलं नाहीत. वडिलांचं कुठेच नाही, पुढे त्रास होईल, लिहून ठेवा.

गाण्याची_बाई
ऊकारान्त! मला सुचायला हवं होतं.

मांडवीवाली
शरयू आणि शर्वरी, श तरी आला.

वॉर्डातून_रिटायर
इंग्रजीत एस एच लिहा. इथे सरयू जास्त चालतं, तसंच टाईप करतील. आजींच्या दाखल्याची झेरॉक्स बरोबर घेऊन जा आणि त्यात बघून लिहायला सांगा.