उत्तर: अरुणा शानबाग निकालाबद्दल

'अरुणा शानबाग यांना परवानगी नाकारली, म्हणजे आपल्याकडे इच्छामरण बेकायदाच', असं एकाने म्हटलंय. अरुणाबाई म्हणजे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, १९७३च्या हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या. अर्धंच खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या त्याच निकालाने, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्याची वाट उघडली. अरुणाबाईंच्या बाबतीत मात्र कोर्टाने केईएमच्या परिचारिकांचं ऐकलं, त्यांना अरुणाबाई जगायला हव्या होत्या. ३७ वर्षं त्यांनी अंगाला एकही शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नव्हता. मग शब्द त्यांचाच चालणार ना? मला तरी ते पटतं.

२०१८पासून लिव्हिंग विलही, म्हणजे असे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवणं, ग्राह्य आहे. २०२३मध्ये मॅजिस्ट्रेटच्या सहीची अट गेली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. इंजेक्शन देऊन मरण हा अजूनही गुन्हाच, आणि तो राहावा. पण आपल्याकडे घरादाराचं मृत्युपत्र करतानाही लोक कां कूं करतात, हे कोण लिहून ठेवणार?