टोपी, सॅल्यूट आणि 'जय हिंद सर': लष्करी शिष्टाचाराचे तुमचे अनुभव

कुलाबाकर (धागाकर्ता)

कुलाब्यात राहणाऱ्याला गणवेशाचं अप्रूप नसतं. आर. सी. चर्चच्या बसमध्ये शेजारी नौसैनिक बसलेला असतो, गेटवर संत्री उभा असतो, आपण आपल्या वाटेनं जातो. पण सॅल्यूट आधी कोणी करायचा, डोक्यावर टोपी नसेल तर काय, साहेबांच्या आधी बोटीत चढायचं की नंतर, हे घरात कोणी सैन्यात असल्याशिवाय कळत नाही. नौदलाची पश्चिम कमांड मुंबईत, लष्कराचं महाराष्ट्र-गुजरात-गोवा एरिया मुख्यालय कुलाब्यात. म्हणजे इथल्या बऱ्याच जणांकडे किस्से असणारच. ते लिहा. हुद्दे चालतील, नावं नकोत, आणि कोणतं जहाज कुठे होतं हे तर अजिबात नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. हा मान माणसाला नसून त्याच्या हुद्द्याला असतो, आणि म्हणूनच वरिष्ठालाही तो परत करावा लागतो. आमच्या कचेरीत साहेबांना 'नमस्कार' म्हटलं तर ते मोबाइलमधून मान वर काढत नाहीत.

जुना_खलाशी

मी नौदलात पेटी ऑफिसर (अधिकाऱ्यांच्या खालचा, नौसैनिकांतला हुद्दा) होतो, आता डोंबिवलीत असतो. बोटीबद्दल विचारलंत म्हणून तिथूनच सुरू करतो.

जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगरून असलं की किनाऱ्यावर यायला छोटी बोट. तिच्यात ज्युनिअर आधी चढतो आणि सगळ्यात शेवटी उतरतो. सीनिअर शेवटी चढतो, पहिला उतरतो. कारण साधं आहे: हेलकावणाऱ्या बोटीत साहेबांना ताटकळत बसवायचं नाही. पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात बोट कशी नाचते ते भोगलं की हा नियम कोणी आणि का काढला असेल ते लगेच समजतं. पुढे सरकारी जीपमध्येही हात आपोआप दार धरायचा.

जहाजावर पाय ठेवला की पहिला सॅल्यूट क्वार्टरडेकला (म्हणजे जहाजाच्या मागच्या, मानाच्या डेकला), मग समोरच्या अधिकाऱ्याला. कॅप्टन चढले-उतरले की पाइप वाजते. ती शिट्टी ज्याला नीट वाजवता येते त्याचा मेसमध्ये वेगळाच रुबाब, कारण श्वास मध्येच तुटला तर सगळ्या जहाजाला ऐकू जातं. सकाळी आठला 'कलर्स'. झेंडा चढत असताना डेकवरचा प्रत्येक जण आहे तिथे थांबतो, झेंड्याकडे वळतो. हातात रंगाचा डबा असेल तर खाली ठेवायचा. तिथे लहान-मोठा कोणी राहत नाही.

सगळ्यात आवडती रीत म्हणजे 'पुलिंग आउट'. कमांडिंग ऑफिसर बदलून जातात तेव्हा सजवलेल्या जीपला दोर बांधतात आणि हाताखालचे लोक ती ओढत नेतात, इंजिन बंद. वर्षभर ज्यांच्या शिव्या खाल्ल्या त्यांची जीप ओढताना काही जण रडतात, हे मी पाहिलंय. काही जण जरा जास्तच जोरात ओढतात, तेही पाहिलंय.

तीन_मजली_कॅप्टन

आमच्या अंधेरीच्या सोसायटीत तीन कॅप्टन आहेत. एक विमान चालवतात, एक मर्चंट नेव्हीत, तिसरे नौदलातून निवृत्त. १५ ऑगस्टला झेंडा 'कॅप्टनसाहेबांच्या हस्ते' असं फळ्यावर लिहिलं आणि सेक्रेटरींकडे दोघे विचारायला गेले. त्यात आता चौथ्या मजल्यावर लष्करातला तरुण कॅप्टन राहायला आलाय. नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल, आणि लष्करातला कॅप्टन म्हणजे नौदलातला लेफ्टनंट, हे मी वॉचमनला समजावलं. तो म्हणाला, 'साहेब, मी सगळ्यांनाच सलाम करतो, मला काय फरक पडतो?'

नेव्हीनगरची_सून

माझा नवरा नौदलात. मी गिरगावातली, चाळीत वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच मेस पार्टीला नवऱ्यानं टॅक्सीत बसवून शिकवणी घेतली. गेल्यावर आधी वरिष्ठांना 'विश' करायचं. प्रमुख पाहुण्यांनी सुरुवात केल्याशिवाय जेवायचं नाही. ते निघाल्याशिवाय आपण निघायचं नाही. फोन पर्समध्ये. राजकारण आणि धर्म नको. मी म्हटलं, मग बोलायचं काय? म्हणे, मुलं आणि बदल्या. खरोखर रात्रभर तेवढंच बोलणं झालं, आणि वाईट गेलं नाही.

हल्ली कपड्यांचं जरा सैल झालंय. २०२४ पासून नौदलाच्या मेसमध्ये पुरुषांना कुर्ता-पायजमा चालतो. पण त्यालाही नियम आहेतच: कुर्ता गुडघ्यापर्यंत, वर जाकीट, पायात बंद बूट किंवा सँडल. नवऱ्याचा लग्नातला नक्षीदार कुर्ता त्यात बसत नाही, हे त्याचं मोठं दुःख.

एकदा सासूबाईंना घेऊन गेले होते. मेसमध्ये बाईमाणूस आलं की अधिकारी उठून उभे राहतात, ही रीत. आम्ही आत शिरलो तर खुर्च्यांवरचे सगळे उठले, त्यांत एक अ‍ॅडमिरलही. सासूबाईंनी साडीचा पदर सावरला आणि अस्सल गिरगावी आवाजात म्हणाल्या, 'अहो बसा, बसा, माझ्यासाठी कशाला उठताय!' अ‍ॅडमिरल मराठीच निघाले. म्हणाले, 'आई, तुम्ही बसल्याशिवाय आम्हाला बसता येत नाही.' मग त्या इतक्या घाईनं बसल्या की बाजूच्या तिपाईवरचं पाणी सांडलं. घरी आल्यावर मात्र त्यांनी सासऱ्यांना सुनावलं, 'पस्तीस वर्षांत एकदा तरी उठलात का?'

परळची_पोर

एनसीसी, आर्मी विंग. शिवाजी पार्कच्या २६ जानेवारीच्या संचलनात होते. 'दाहिने देख' झाल्यावर सगळी तुकडी मान वळवून राज्यपालांकडे बघते, फक्त उजव्या कडेची रांग सरळ बघत चालते, नाहीतर दिशा चुकेल. मी त्याच रांगेत. घरचे विचारतात, राज्यपाल कसे दिसत होते? मला पुढच्या मुलीच्या टोपीचा हॅकल (पिसांचा तुरा) आठवतो.

शिवाय सॅल्यूट करताना आमचा तळहात समोर, नेव्हल विंगचा खाली झुकलेला. सरावात त्या मुलींशेजारी उभं राहिलं की हात आपोआप त्यांच्यासारखा व्हायला लागतो आणि उस्ताद (कवायत शिकवणारे) मग मैदानाला फेरी मारायला लावतात.

सुभेदाराचा_मुलगा

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत. गाव साताऱ्याकडे, मी विक्रोळीत. आमच्या रेजिमेंटचं मुंबईशी नातं फार जुनं. पहिली बटालियन, जंगी पलटण, १७६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई बेटांच्या रक्षणासाठी उभी राहिली.

मला एकच सांगायचंय. वडिलांच्या पलटणीत नवा लेफ्टनंट यायचा, वय बावीस-तेवीस. वडील पंचेचाळिशीचे. सॅल्यूट वडील करायचे, पण तो पोरगा त्यांना 'साहब' म्हणायचा. 'सुभेदार साहब, ये कैसे करना है?' असं. नावानं हाक नाही, अरे-तुरे नाही. तो शिकायचा वडिलांकडून आणि हुकूमही द्यायचा वडिलांना. आमच्या कंपनीत एमबीए झालेला मॅनेजर वीस वर्षं काम केलेल्या फोरमनला 'ए शिंदे' म्हणतो तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं.

बंदरावरचा

सगळं गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. हे सगळं गोऱ्या साहेबाचंच उरलेलं नाही का? सॅल्यूट समजू शकतो, पण लष्करात सहायकाकडून (अधिकाऱ्याच्या दिमतीला दिलेल्या जवानाकडून) साहेबांचे बूट चकचकीत करून घेणं हा कुठला शिष्टाचार? नौदलात आणि हवाईदलात सहायक पद्धत नाही, तरी त्यांचं अडत नाही. काखेत बॅटन (अधिकाऱ्याची छोटी छडी) घेऊन फिरणं नौदलानं २०२३ मध्ये बंद केलं, तेव्हाही आकाश कोसळलं नाही.

आणि वरिष्ठांचा मान एकतर्फी झाला की काय होतं ते याच कुलाब्यानं पाहिलंय. १८ फेब्रुवारी १९४६. 'तलवार' या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न होतंच, पण त्यांचा कमांडिंग ऑफिसर, कमांडर किंग, त्यांना वंशावरून शिव्या द्यायचा. काही दिवसांत ७८ जहाजं आणि २० किनारी तळ या उठावात ओढले गेले. त्यांच्या मागण्यांत स्वातंत्र्यसैनिकांची सुटका होती, आणि त्याच यादीत अधिकाऱ्यांनी नीट वागावं हेही होतं.

कुलाबाकर (धागाकर्ता)

बंदरावरचा, सहायकाच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही. बाकी तुम्ही माझंच म्हणणं जास्त चांगलं मांडलंत.

जुना_खलाशी

आमच्या वेळेला ट्रेनिंगमध्ये १९४६ बद्दल कोणी बोलत नसे. एका मास्टर चीफनी (नौसैनिकांतला सगळ्यात वरचा हुद्दा) रात्रीच्या पहाऱ्यावर हळूच सांगितलं होतं. शिव्या देणारे अधिकारी मलाही भेटले. त्यांनाही सॅल्यूट केला, कडक केला. पण त्यांची जीप ओढायला दोर धरायची वेळ आली तेव्हा मी मागच्या टोकाला होतो.

ठाण्याची_मावशी

एक विचारू का? भाच्यानं पुढच्या महिन्यात कुलाब्याच्या मेसमध्ये जेवायला बोलावलंय. आम्ही साधी माणसं. तिथे कोणाला काय म्हणायचं? आम्हीही सॅल्यूट करायचा का?

नेव्हीनगरची_सून

मुळीच नाही, मावशी. टोपी नसेल तर आमचे लोकसुद्धा सॅल्यूट करत नाहीत, सावधान होऊन 'जय हिंद सर' म्हणतात. तुम्ही छान नमस्कार करा. साडी कुठलीही चालेल. काकांना कॉलरचा शर्ट, फुल पॅंट आणि बंद बूट. ओळखपत्र दोघांनीही घ्या, गेटवर त्याशिवाय सोडत नाहीत.

ठाण्याची_मावशी

बाकी सगळं जमेल गं. बुटांचं अवघड आहे, ह्यांनी निवृत्तीनंतर चपलेशिवाय काही घातलेलं नाही. आजच दादरला घेऊन जाते.